डाव्या बाहीला पीळ नाही

यंदा थंडी आधी सुयांना कळली. दिवाळी होऊन गेली तरी आमच्या वस्तीवर दुपारचा पंखा चालूच होता. मग एका सकाळी भाकऱ्या उरकून विणायला बसले, डब्यातून सुया काढल्या, तर त्या बोटांना गार लागल्या. उठून बाहेर आले. कॅनॉलच्या पाण्यावर वाफ धरली होती. लांब अंथुर्ण्याच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या टेप लावून चालल्या होत्या. गाणं कळत नव्हतं, नुसता ठेका ऐकू येत होता. परत आत येऊन पाच-सहा टाके विणले, तोवर सुया हाताएवढ्याच ऊन झाल्या.

असं झालं की मला दर वर्षी तो एकच हिवाळा आठवतो. बाकीचे आले आणि गेले. कुठल्या साली हरभरा चांगला आला, कुठल्या साली म्हैस विकली, हे मला मालकांना विचारावं लागतं. तो हिवाळा मात्र विणीसारखा ओळीनं आठवतो. म्हणून माझ्या मुलीच्या, सोनालीच्या, कोऱ्या राहिलेल्या वहीत लिहून ठेवते आहे. कुणाला दाखवायचं नाही. बोलायला मला जमत नाही. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही, एवढंच बरं.

माझं शिक्षण चौथी. माहेर कन्हेरी. शाळेत एक बाई होत्या, त्या शनिवारी आम्हा मुलींना विणायला शिकवायच्या. सुया कुणाकडं होत्या? खराट्याच्या काड्या आणायच्या, त्यांची टोकं फरशीवर घासून गुळगुळीत करायची, आणि खताच्या पोत्याची शिवण उसवली की जो दोरा निघतो त्याच्यावर शिकायचं. सुलट, उलट. सुलट, उलट. बाईंनी वाचायला उभं केलं की अक्षरं येत असून आवाज फुटायचा नाही. विणायला मात्र खाली बसायचं असतं आणि मान खाली घालायची असते. मला ते फार बरं वाटलं. पाचवीची शाळा लांब होती, घरी धाकटा भाऊ मांडीवर होता, तेव्हा शाळा सुटली. काड्या सुटल्या नाहीत. लग्न होऊन इकडं आले, आणि भावकीत कुणाकडं पाळणा हलला की टोपडं माझं, हे ठरूनच गेलं.

टोपडं विणणारीला मोठ्या माणसाचं माप घ्यायची वेळ येत नाही. बाळ काही बोलत नाही, आणि पुढच्या महिन्यात ते वाढलेलंच असतं. माझी चूक तिथनंच आली असावी.

आबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर कॅनॉलवर पाटकरी होते. कुणाच्या चारीला कधी पाणी सोडायचं आणि कधी तोडायचं, ते त्यांच्या हातात असायचं. बांधावर दोन माणसं कुदळी घेऊन उभी राहिली आणि लांबून आबांची सायकल दिसली, तर कुदळी खाली व्हायच्या, असं लोक अजून सांगतात. त्या वर्षी पावसाळा सरताना त्यांना लकवा मारला. पाय सुधारला, काठी घेऊन चालायला लागले, बोलणंही जवळजवळ पहिल्यासारखं झालं. डावा हात मात्र कोपरात वाकला तो वाकलाच. मूठ अर्धी मिटलेली. रोज सकाळी मालक त्यांना सदरा घालायचे. तेवढा वेळ आबा भिंतीकडं बघत राहायचे.

उन्हं आली की डेअरीवर जाऊन बसायचं, हा त्यांचा जुना नेम. दूध घालायला आलेली माणसं तिथं अर्धा तास तरी रेंगाळतात. काठी धरता यायला लागली तसे आबा पुन्हा जाऊ लागले. थंडी वाढली तेव्हा मालकांनी अंगावर शाल दिली. डाव्या हातानं ती धरता येईना. डेअरीच्या दारात शाल गळून मातीत पडली. मारुतीतात्या म्हणजे त्यांचे बरोबरीचे, लहानपणापासूनचे जोडीदार. त्यांनी ती उचलून झटकली आणि सगळ्यांसमोर आबांना गुंडाळली, बाळाला दुपट्यात गुंडाळतात तशी. दुसऱ्या दिवसापासून आबा गेले नाहीत.

चार दिवसांनी तात्या दारात आले.

"काय पाटकरी, आत बसलाय जनू कॅनॉलच बंद झालाय!"

"थंडी हाय."

"मग घाल की कायतरी अंगात. जर्किन आन म्हनावं पोराला."

"आनलंय. हात जात न्हाय त्यात. दोघं धरून घालत्यात मला, बैलाला झूल घालावी तशी." पुन्हा आबांचाच आवाज आला. "माझं मला घालता यील असं कायतरी असंल, त्या दिशी यीन मी. तवर हाक मारू नगंस."

मी आत पीठ मळत होते. तात्यांच्या चपला लांब जाईपर्यंत ऐकत राहिले.

हवं तितकं ताणलं जाईल आणि तरी दाट, उबदार राहील असं एक कापड मला माहीत होतं. म्हणजे बघून माहीत होतं. सोनालीच्या मोबाईलवर परदेशातली एक बाई विणताना दिसायची. "ह्याला ब्रिओश म्हणत्यात, मम्मी," असं सोनालीनं सांगितलं होतं. मी आवाज बंद करून बघायचे. बोलणं कळत नव्हतंच, आणि आवाज बंद केला की हात जास्त नीट दिसतात.

त्या विणीची रीत अशी. एक टाका विणायचा. शेजारचा विणायचाच नाही, नुसता दुसऱ्या सुईवर सरकवायचा, आणि सरकवताना त्याच्या डोक्यावरून लोकरीचा एक वेढा घ्यायचा. पुढच्या खेपेला तो टाका आणि त्याच्या डोक्यावरचा वेढा दोन्ही मिळून एकदम विणायचे. मी त्याला मनातल्या मनात पदराचा टाका म्हणते. पदर घेतलेली बाई काही दोन माणसं होत नाहीत, तसं टाका आणि त्याचा पदर मिळून एकच मोजायचा. मला हे कळायला आठ दिवस लागले. मी दोन मोजत होते, आणि कापड सुपासारखं पसरत चाललं होतं.

दोन रंगांत विणलं तर एकेका ओळीतून दोनदा जावं लागतं. आधी निळ्यानं, मग टाके वायरच्या सुईवरून, म्हणजे दोन सुया मधे वायरनं जोडलेल्या असतात तिच्यावरून, परत पहिल्या टोकाला सरकवून त्याच बाजूनं राखाडीनं. मग कुठं काम उलटायचं. दुप्पट वेळ लागतो. पण हातात येतं ते कापड गादीसारखं मऊ असतं. उभ्या-उभ्या जाड रेघा, नांगरलेल्या रानासारख्या, आणि ओढलं की रुंद होतं, सोडलं की परत जवळ येतं.

लोकर आणायला बारामतीला गेले. रुक्सानाभाभींचं लोकर, बटणं, लेस असलं दुकान आहे. टोपड्यांची लोकर मी त्यांच्याकडूनच घ्यायची. मी मागितल्या त्या लडी त्यांनी काढल्या आणि माझ्याकडं बघत राहिल्या.

"यवढी निळी? ताई, तिळं झाल्यात का काय भावकीत?"

"न्हाय ओ. सासऱ्यांना विणायचंय."

"अगं बया! सासऱ्याला?" त्यांनी गल्ल्यावरच हात टेकले. "माझ्या सासऱ्यानं माझ्या हातचं वीस वर्सं निस्तं जेवून उष्टं ताट सरकवलं. तुमी स्वेटर करताय! सांगितलंय का त्यांना?"

"न्हाय."

"मग माप?"

मी लडी मोजायला लागले. भाभी हसल्या आणि एक लडी जास्तीची पिशवीत टाकली. "ऱ्हाऊ द्या. लागंल."

माप मी दोरीवरच्या सदऱ्याचं घेतलं. दुसरं कसं घेणार? आमच्याकडं सून सासऱ्यासमोर बसत नाही, हात लावणं तर सोडाच. एकवीस वर्षांत मी आबांशी जे बोलले ते सगळं दाराशी, भिंतीशी किंवा सोनालीशी बोलले. "सोनाली, आबांना म्हणावं पाणी तापलंय." सोनाली घरात नसली तरी मी हेच म्हणायची, आणि आबा पाण्याला जायचे. तेव्हा वाळत घातलेल्या सदऱ्याची बाही वितीनं मोजली. वीण ताणली जाते म्हणून दोन बोटं कमीच धरली.

पुढून उघडा, गळ्यापाशी एक मोठी गुंडी, असं ठरवलं. नुसत्या उभ्या रेघांनी पाठ अर्धी झाली आणि माझं मन भरेना. त्या परदेशी बाईच्या विणीत रेघा एकमेकींवरून जायच्या, वेणी घातल्यासारख्या. मला ते करायचं होतं. त्याला एक तिसरी आखूड सुई लागते, ती माझ्याकडं नव्हती. मी अंबाड्यातला आकडा काढला. निळी आणि तिची राखाडी अशा जोडीनं रेघा उचलून आकड्यावर अडकवायच्या, पुढं लोंबत ठेवायच्या, मागच्या आधी विणून घ्यायच्या, मग आकड्यावरच्या. जोडी फोडायची नाही, फोडली की रंग चुकतो. उचलताना पदर टाक्यावरून घसरतो, तो अंगठ्यानं दाबून धरायचा. पहिल्या खेपेला श्वास धरूनच केलं. चार ओळी पुढं गेल्यावर बघितलं, तर कापडावर पीळ उठून दिसत होता, ओल्या दोरखंडाचा असतो तसा.

तेव्हा मला जे वाटलं ते लिहायला शब्द नाही. चौथीत असताना एकदा गणित कुणी न सांगता सुटलं होतं, तेव्हा असंच वाटलं होतं. केस मानेवर सुटलेले, आकडा लोकरीत, चुलीवर दूध उतू जातंय, आणि मी पीळ बघत बसलेली.

मग काय, मी दोन्ही बाह्यांना पीळ घातले. खांद्यापासून मनगटापर्यंत, सगळीकडून. हौस म्हणून घातले हे आज कबूल करते. आबांच्या हातासाठी म्हणून सुरू केलं होतं आणि मधेच ते माझ्या हातांसाठी झालं.

पिळाचं मी पुढं पुष्कळ बघितलं. डावीकडची रेघ उजवीवरून जाते, ती उजवीकडं पोचते. पुढच्या वळणाला आता जी डावीकडं आहे ती वरून जाते. म्हणजे जी खाली होती तीच वर येते. विणताना मला वाटतं, घरातही असंच असतं. फक्त तिथं वळण किती ओळींनी येणार ते लिहिलेलं नसतं.

संक्रांतीच्या आधी स्वेटर झाला. मालकांनी तो आबांच्या बिछान्यावर नेऊन ठेवला. मी दाराआड उभी होते. आबांनी उजव्या हातानं तो उचलला, पाठीचा पीळ बोटानं चाचपला. मग अर्धी मिटलेली डावी मूठ बाहीत घातली आणि उजव्या हातानं बाही वर ओढायला लागले. मूठ गेली. मनगट गेलं. कोपरापाशी बाही अडली. त्यांनी ओढली, परत ओढली. "थांबा आबा, मी ओढतो," म्हणून मालकांनी हिसका दिला, तसा आबांच्या तोंडून बारीक आवाज आला.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "झ्याक झालंय. पेटीत ठिव."

मी मागच्या दारी जाऊन घासलेली भांडी परत घासली.

चूक कुठं होती ते मला तिथंच कळलं. पीळ घातला की कापड आकसतं. नुसती फुगीर वीण दीडपट ताणली जाते, पीळ तिला आवळून धरतो. त्यातून सदऱ्याची बाही सरळ लोंबत असते आणि आबांचा हात वाकलेला. वाकल्या कोपराचा घेर दोरीवर कुठं दिसणार? मी सदऱ्याला बसेल असा स्वेटर केला होता, आबांना बसेल असा नाही.

दुसऱ्या दिवशी मालक रानात गेले, सोनाली कॉलेजला गेली. मी टेप घेतली. डोक्यावरचा पदर तीनदा नीट केला. आबा ओट्यावर उन्हाला बसले होते. उंबऱ्यात उभं राहून म्हटलं, "आबा, हाताचं माप घ्यायचं हुतं."

आबांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मग माझ्या मागं बघितलं, सोनाली आहे का ते.

"मला म्हनतीस व्हय?"

"व्हय."

"आरं तिच्या! तुला तोंड हाय तर. मला वाटायचं लेकानं मुकी सून आनली आन् लाजंनं सांगत न्हाय."

मला हसू आलं आणि त्या हसण्यात मी खाली त्यांच्याजवळ बसले. हात उचलला. तो जड होता, आणि ऊन. का कोण जाणे, मला तो गार असेल असं वाटत होतं. मनगट मोजलं, मिटल्या मुठीचा घेर मोजला, वाकल्या कोपराला टेप गुंडाळली. मी विणलेल्या बाहीपेक्षा चार बोटं जास्त भरली.

"उजवा बी मोज," आबा म्हणाले. "दोघांचं येगळं लिहून ठिव. दोन निराळी मानसं हायती ती."

मी तिथंच डावी बाही उसवायला घेतली. उसवलेली लोकर कुरळी असते, ती ताणून लडी करावी लागते, नाहीतर विणीत गाठी दिसतात. लडी करायला दोन माणसं लागतात. मी इकडं तिकडं बघत होते, तेवढ्यात आबांनी उजव्या हातानं डावा उचलून माझ्यापुढं धरला. "ह्याच्यावर घाल. हालत न्हाय. यवढी चांगली खुटी मिळायची न्हाय तुला."

मग त्या वाकल्या हातावर मी निळी लोकर गुंडाळत गेले, आणि आबा पाठीवरचा पीळ न्याहाळत बसले. "हे म्हंजे एक चारी वरनं आन् एक खालनं," ते म्हणाले. "रस्त्याखालनं नळाची मोरी टाकून काढत्यात तशी."

"व्हय, तसंच."

"पर मोरीत पानी चेपतंय पोरी. सरळ चारीत जेवढं जातं तेवढं मोरीत न्हाय जात. डाव्याला नगं मोरी. त्याला निस्ती सरळ चारी ठिव, रुंद."

"मग दोन्ही बाह्या सारख्या दिसायच्या न्हाईत."

"हात कुठं सारखं हायती?"

डावी बाही मी परत विणली. पीळ नाही, नुसत्या उभ्या रेघा, आणि भाभींनी टाकलेली जास्तीची लडी सगळी तिच्यात गेली. उजवीचे पीळ तसेच राहू दिले. त्या पंधरा दिवसांत आबा आणि मी रोज थोडं बोललो. बहुतेक पाण्याचं, कुणी कुणाची चारी कशी फोडली ते. मी विणत असायची, त्यामुळं मान खाली असायची, त्यामुळं बोलता यायचं.

बाही पुरी झाली त्या सकाळी आबांनी सगळ्यांना बाहेर काढलं. "कुनी हात लावायचा न्हाय. बघायचं बी न्हाय." आतून काठी पडल्याचा आवाज आला. मालक उठले. मी त्यांना बसा म्हटलं. बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि आबा निळा स्वेटर घालून उभे होते. गुंडी लावलेली. कुणाकडं न बघता ओट्यावरून उतरले आणि डेअरीच्या रस्त्याला लागले.

मला आनंद व्हायला हवा होता. मला नुसती काळजी लागली. घरात, दार लावून, पलंगाच्या कडेचा आधार घेऊन घालणं निराळं. तिथं काही झालं आणि परत कुणी त्यांना लपेटलं, तर हा माणूस पुन्हा बाहेर पडणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. उन्हं वर आली. यायची वेळ टळली. मी तीनदा ओट्यावर येऊन गेले.

चौथ्यांदा आले तेव्हा कॅनॉलच्या कडेनं एक माणूस येताना दिसला. राखाडी स्वेटर. मी त्याला सोडून मागचा रस्ता बघत राहिले, निळं काही दिसतंय का म्हणून. तो माणूस जवळ आला तशी काठी ओळखू आली.

या विणीचं एक सांगायचं राहिलं. तिला उलटी बाजू नसते. एका अंगानं निळ्या रेघा वर असतात आणि राखाडी खाचेत, दुसऱ्या अंगानं राखाडी वर आणि निळी खाचेत. दोन्ही सारख्याच चांगल्या. आबा घरून निळे गेले होते आणि राखाडी होऊन परत येत होते. खालचा घेर गळ्याशी आला होता, गुंडी आत कंबरेपाशी गेली होती, म्हणूनच डावी बाही डाव्याच हाताला राहिली होती, आणि स्वेटर पुढून उघडाच होता.

"आबा, काढला हुता व्हय?"

"उकडाय लागलं. काढून ठिवला." त्यांना दम लागला होता, तरी ते ओट्यावर बसले नाहीत. "मग निघायच्या टायमाला वारं सुटलं. तात्या म्हनला, हात दिऊ का? म्हनलं, लांब हो. सगळी दूधवाली उभी ऱ्हायली बघत. घातला."

"तात्यांनी कायच न्हाय केलं?"

"त्यो सांगत हुता, उलटा घालतोयास म्हनून. म्हनलं, असू दे. माझ्या हातानं घातलाय."

मी चहा आणला. आबांनी कप बाजूला ठेवायला लावला. "थांब, नीट करतो," म्हणाले, आणि माझ्यासमोर, भर उन्हात, त्यांनी उजवी बाही काढली, मग डावी. स्वेटर मांडीवर घेऊन पालटला. डावी मूठ बाहीत घातली आणि वर ओढायला लागले. कोपरापाशी बाही थांबली. माझा हात पुढं जायला निघाला, तो मी पदरात गुंडाळून धरला. आबांनी श्वास घेतला, बाही थोडी खाली सरकवली आणि परत ओढली. रेघा रुंद झाल्या, अजून रुंद झाल्या, आणि कोपर आत गेलं.

चहा गार झाला होता. आबा तो तसाच प्याले.